पास्ता मशीन घ्यायचंय? आधी घरातलं शेवयाचं मशीन आठवा

मागच्या उन्हाळ्यात पास्ता मशीनचा खोका घरी आला तेव्हा आजी चोपड्याहून आलेली होती. मी खोका उघडला, थर्माकोल काढलं, मशीन ओट्यावर ठेवलं. आजीने पदराला हात पुसले, हँडल धरून दोनदा गरगर फिरवलं आणि म्हणाली, "हाई ते शेवयासनं मशीन शे." अगं नाही आजी, पास्त्याचं आहे, म्हटलं. "मंग जाळी कुठे शे?" जाळी नसतेच म्हटल्यावर तिने हँडल सोडून दिलं आणि लसूण सोलायला जाऊन बसली.

पण म्हातारी निम्मी बरोबर होती हो. पुढचे दोन महिने मी पास्ता मशीनशी जी झटापट केली त्यात मशीनसोबत आलेल्या पुस्तिकेपेक्षा आजीचा जास्त उपयोग झाला. जळगाव, धुळे, नंदुरबारकडे ज्यांच्या घरी अजून उन्हाळ्यात शेवया, कुरडया, पापड होतात त्यांना पास्त्याचं अर्धं काम आधीच येतं, फक्त ते येतं हे माहीत नसतं. घट्ट कणिक, झाकून ठेवणं, वाऱ्याचा अंदाज, सगळं तेच आहे. म्हणून हे सविस्तर लिहितेय, कारण मला तीन-चार जणींनी विचारलं की घेऊ का, आणि दरवेळी फोनवर तासभर बोलून माझा घसा बसतो.

लाटणारं की दाबणारं

पहिली गोष्ट म्हणजे पास्ता मशीन नावाने बाजारात दोन अगदी वेगळ्या वस्तू मिळतात. एक लाटणारं, म्हणजे दोन रोलर, त्यातून कणकेची पट्टी बाहेर येते, मग तीच पट्टी दुसऱ्या कटरमधून घातली की फिती पडतात. दुसरं दाबणारं, म्हणजे आत स्क्रू असतो तो कणिक पुढे ढकलतो आणि समोरच्या साच्यातून नळ्या, मॅकरोनी, स्पॅगेटी बाहेर येते. आपलं शेवयाचं मशीन हे या दुसऱ्या जातीचं, चकलीचा सोऱ्या पण त्याच जातीचा. आजीने जाळी कुठे विचारलं ते यासाठी.

मॅकरोनी, पेने अशा पोकळ आकाराचा पास्ता पाहिजे असेल तर लाटणाऱ्या मशीनमध्ये तो कधीच होणार नाही, हे खूप जणांना घेतल्यावर कळतं. आणि लझानियाच्या पाट्या, फेटुचिनीच्या फिती, सारण भरलेली रॅव्हिओली हे पाहिजे असेल तर लाटणारं मशीनच सोयीचं. आधी हे ठरवा की घरात खातात काय. आमच्याकडे पोरांना मॅकरोनी आवडते, ती विकत आणते सरळ, कारण खरं सांगायचं तर वाळलेला पोकळ पास्ता कारखान्यातलाच चांगला असतो. इटलीत १९६७ च्या कायद्यापासून वाळलेला पास्ता ड्युरम नावाच्या कडक गव्हाचाच असावा असं बंधन आहे, त्याच्या मोठ्या मशिनी, वाळवायच्या खोल्या वेगळ्या, घरी ते जमवायचा हट्ट कशाला. घरी करायचा तो ताजा, मऊ, फितींचा किंवा पाट्यांचा, जो आपल्याकडे दुकानात सहसा मिळत नाही.

विजेवर चालणारं दाबणारं मशीन मी बहिणीकडे धुळ्याला वापरलंय. पीठ-पाणी टाका, बटण दाबा, दहा मिनिटांत पास्ता, हे खरंय. पण त्यात कणिक होतच नाही मुळी, भुरभुरीत गोळ्या-गोळ्यांचं पीठ ठेवावं लागतं, मुटक्याला पाणी लावताना सुरुवातीला जसं दिसतं तसं, पाव किलो पिठाला जेमतेम ९० मिली पाणी. चमचाभर जास्त पडलं की आत लगदा होतो आणि बाहेर काही येत नाही. वरून धुवायला आठ-दहा पार्ट. आणि एकदा मध्येच लाईट गेली, पाऊण तास आली नाही, तोवर आतलं पीठ असं कडक झालं की साचा काढून रात्रभर पाण्यात ठेवला आणि सकाळी टाचणीने एकेक भोक कोरत बसलो दोघी. आठवड्याला तीनदा करणार असाल तर घ्या, नाहीतर हाताचं लाटणारं मशीनच बरं, लाईट असो नसो.

ज्यांच्याकडे माळ्यावर शेवयाचं जुनं मशीन पडलंय त्यांनी तर नवीन काही घ्यायच्या आधी त्यात जाड जाळी लावून एकदा बघा. कणिक शेवयांना करतो तशीच घट्ट ठेवायची, हँडल जड जातं, पण स्पॅगेटीसारखी जाड शेव पडते आणि ओलीच उकळत्या पाण्यात टाकली की तीन-चार मिनिटांत तयार. शून्य रुपये खर्च.

घेताना काय बघायचं

हाताच्या मशीनमध्ये इटलीची मार्काटो कंपनी आहे, पादुआजवळच्या गावात त्यांचा कारखाना, त्यांचं ॲटलास १५० हे मॉडेल सगळ्यात ओळखीचं. त्यातला १५० म्हणजे पट्टीची रुंदी, १५० मिलीमीटर, एक वीत नाही भरत. दुसरी तिकडचीच जुनी कंपनी इंपेरिया. बाकी मग त्याच आकाराच्या बिननावाच्या नाहीतर पाच नावांच्या स्वस्त मशिनी ऑनलाइन भरपूर. किमतीत चौपट-पाचपट फरक पडतो. स्वस्त घेऊ नका असं मी म्हणणार नाही, माझं पहिलं स्वस्तातलंच होतं, पण स्वस्तात एक नग चांगला निघतो आणि एक वाईट, म्हणून परत करायची सोय आहे का ते आधी बघा आणि आल्या आल्या ही तपासणी करा.

मशीन उजेडाकडे धरा, खिडकीसमोर. नॉब सगळ्यात बारीक नंबरवर आणा आणि दोन रोलरमधल्या फटीतून बघा. प्रकाशाची रेघ डावीकडून उजवीकडे सारखी दिसली पाहिजे. एका बाजूला जाड एका बाजूला बारीक दिसली तर ते मशीन परत करा, कारण त्यातून पट्टी सरळ येतच नाही, एक कड लांब होते एक आखूड राहते आणि पट्टी वाकत वाकत केळ्यासारखी होते. माझ्या पहिल्या मशीनने तेच केलं. जळगावचं मशीन म्हणून घरच्यांनी खूप हसून घेतलं. नंतर वर्तमानपत्राच्या दोन बारीक पट्ट्या घ्या, एक डाव्या टोकाला एक उजव्या टोकाला, हँडल फिरवा, दोन्ही सारख्याच ओढल्या गेल्या पाहिजेत. मग नॉब. प्रत्येक नंबरला टक असा आवाज येऊन तो बसला पाहिजे, लाटताना आपोआप मागे सरकता कामा नये.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, जे कोणी सांगत नाही. ओटा. ही मशिनी टेबलाच्या कडेला क्लॅम्पने आवळायची असतात, तिकडच्या लाकडी टेबलांचा विचार करून बनवलेली. आपला ग्रॅनाइटचा ओटा, त्याला पुढून गोल पट्टी चिकटवून जाड केलेली, आणि खाली लगेच ट्रॉलीचं दार, त्यामुळे क्लॅम्पला खाली धरायला जागाच नसते! मी ओट्यावर वीस मिनिटं घालवली, शेवटी ट्रॉलीला ओरखडा पडला तेव्हा थांबले. आजी बाहेरच्या खोलीतून म्हणाली, खाटेला लाव. आता खाट कुठून आणू, पण मुद्दा बरोबर होता, शेवयाचं मशीन आपण खाटेच्या नाहीतर बाकड्याच्या कडेलाच लावायचो की. मी शेवटी पोराच्या अभ्यासाच्या लाकडी टेबलाला लावलं, मध्ये कापडाची घडी ठेवून म्हणजे सनमायकाला वळ पडत नाही. तुम्ही आधी टेप घ्या, कडेची जाडी मोजा आणि कडेखाली आत चार बोटं मोकळी जागा आहे का बघा. डायनिंग टेबल काचेचं असेल तर विषयच सोडा.

मोटर वेगळी मिळते, रॅव्हिओलीचा जोड वेगळा मिळतो, स्पॅगेटीचा कटर वेगळा. सुरुवातीला काहीच घेऊ नका. सोबत येणारे दोन कटर, एक साडेसहा मिलीमीटरच्या आसपासचा रुंद आणि एक दीड मिलीमीटरचा बारीक, वर्षभर पुरतात.

पीठ

इथे थोडं थांबून वाचा कारण निम्म्या तक्रारी पिठाच्या असतात आणि नाव मशीनचं खराब होतं.

चक्कीवरची आपली रोजची कणिक, लोकवनची म्हणा शरबतीची म्हणा, पोळीला उत्तम पण या मशीनमध्ये एकटी चालत नाही. एक तर त्यातला कोंडा पट्टी पातळ होताना तिला आतून कापतो, पट्टीला बारीक भोकं पडतात. दुसरं, चक्कीच्या दगडात स्टार्च बराच चिरडला जातो म्हणून ते पीठ पाणी जास्त पितं, पोळी त्यामुळेच मऊ होते, पण इथे तीच पट्टी चिकट होते. नुसता मैदा चालतो, पट्टी सुंदर निघते, शिजल्यावर मात्र जरा गिळगिळीत लागतो.

मला जमलेलं प्रमाण असं, २०० ग्रॅम मैदा आणि १०० ग्रॅम चिरोटी रवा. चिरोटी रवाच, शिऱ्याचा जाड रवा नाही, तो पट्टीत कचकच करतो. जाडच असेल घरात तर मिक्सरला फिरवून चाळून घ्या.

पण खरी मजा पाहिजे असेल तर बन्सी गहू शोधा. बन्सी म्हणजेच ड्युरम, ज्याचा इटलीवाले पास्ता करतात तीच जात, पिवळसर, कडक, काचेसारखा दाणा. आपल्याकडे शेवया-रव्यासाठी जुनी माणसं तोच मागायची. हल्ली सुधारित ड्युरम वाणं पण आहेत, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचं एमएसीएस ४०२८ त्यातलंच, ओळखीत कोणा शेतकऱ्याने लावलं असेल तर पाच किलो मागून घ्या. मी दाणाबाजारात दोन दुकानं फिरले, तिसऱ्यात मिळाला.

मग आजीची पद्धत. गव्हाला पाण्याचा हात लावायचा, भिजवायचा नाही बरं का नुसता ओलवायचा, फडक्यात घट्ट बांधून रात्रभर ठेवायचा, सकाळी दळायचा आणि बारीक चाळणीने, मग वस्त्राने गाळायचा. ओलवल्याने काय होतं तर कोंडा चिवट होतो, त्याचा भुगा न होता मोठे पापुद्रे पडतात आणि ते चाळणीत वर राहतात. मोठ्या मिलमध्येही दळायच्या आधी गहू असाच ओलवून ठेवतात. खाली जे पडतं त्यातला सगळ्यात बारीक पिवळा रवा तोच आपल्या पास्त्याचा. मांडे करणाऱ्या बायका वस्त्रगाळ पीठ का वापरतात तेही यावरून कळलं मला, पट्टी असो की मांडा, कोंडा राहिला की फाटलं. चक्कीवाल्याला मात्र आधी विचारा, ओला गहू म्हटलं की काही जण तोंड वाकडं करतात.

कणिक

अंडं घालून करणार असाल तर सोपं गणित, १०० ग्रॅम मैद्याला १ अंडं. तिकडची अंडी जरा मोठी, आपली लहान, म्हणून ३ अंड्यांना एखादा चमचा पाणी लागतं. बिनअंड्याचं, जे आमच्याकडे होतं कारण सासूबाईंना चालत नाही, ते ३०० ग्रॅम मैदा-रव्याला साधारण १३५ मिली कोमट पाणी, चिमूटभर मीठ, एक चमचा तेल. नुसत्या बन्सी रव्याला १४५-१५० पर्यंत जातं.

पाणी मोजूनच घ्या हो. पोळीची कणिक आपण अंदाजाने भिजवतो आणि तो अंदाज हाताला इतका बसलाय की नकळत पाणी जास्त पडतं. पोळीच्या कणकेला पिठाच्या साठ-पासष्ट टक्के पाणी जातं, इथे पंचेचाळीस. सुरुवातीला परातीत सगळं कोरडं दिसेल, गोळा होणारच नाही असं वाटेल, पाण्याचा ग्लास हात करेल तुम्हाला, घेऊ नका. दोन मिनिटं नुसतं दाबून एकत्र करा आणि परात झाकून दहा मिनिटं निघून जा. परत आल्यावर तोच भुगा ऐकायला लागतो, कारण रव्याने पाणी आत घेतलेलं असतं. मग तळहाताच्या मुळाने आठ-दहा मिनिटं मळा. शेवयांची कणिक मळताना माझी आई उभी राहून अंगाचा भार टाकायची ते इथे आठवलं.

झाली की नाही कसं ओळखायचं, बोट दाबा, खळगा पडून हळूहळू वर आला तर झाली. बोटाला चिकटली तर ओली आहे, थोडा मैदा मारा. कडेला भेगा आहेत तर हात ओला करून परत मळा, वरून पाणी ओतू नका.

मग ओल्या फडक्यात नाही, स्टीलच्या डब्यात झाकण लावून निदान अर्धा तास. ओल्या फडक्याने वरचा थर चिकट होतो. मे महिन्यात फडकं दहा मिनिटांत वाळतं ते वेगळंच.

लाटणं

नवीन मशीन असेल तर पहिली एक लाटी फेकण्यासाठीच ठेवा. रोलरला कारखान्यातलं तेल आणि धातूची काळपट भुकटी असते, पहिली पट्टी राखाडी रेघा घेऊन बाहेर येते. तीच लाटी पाच-सहा वेळा फिरवा, कटरमधून पण काढा, आणि टाकून द्या. गाईला पण नका घालू.

आता खरं काम. ३०० ग्रॅम पिठाच्या गोळ्याच्या सहा लाट्या करा. एक बाहेर, पाच डब्यात. बाहेरची हाताने चपटी करा, पुरीएवढी जाड, कडेला थोडी निमुळती म्हणजे रोलर लगेच पकडतो.

नॉब सगळ्यात रुंद फटीवर. इथे एक गोंधळ होतो, काही मशीनवर ० म्हणजे सगळ्यात जाड आणि ९ म्हणजे पातळ, काहींवर १ पासून सुरू, काहींवर एकदम उलटं, त्यामुळे नंबर पाठ करू नका, फट डोळ्याने बघा. मी पुढे जे नंबर सांगतेय ते ० जाड ते ९ पातळ अशा मशीनचे आहेत, त्यात ० ला पावणेपाच मिलीमीटरच्या आसपास आणि ९ ला अर्ध्याहून थोडं जास्त.

० वर एकदा काढली की पट्टी फाटकी-तुटकी, कडा जाळीदार अशी येईल. घाबरू नका. तिची तिहेरी घडी घाला, पत्राला घालतो तशी, दाबून आतली हवा काढा, आणि जी बाजू उघडी आहे ती रोलरमध्ये द्या. परत घडी, परत रोलर. असं पाच-सहा वेळा ०वरच. तिसऱ्या वेळेला काहीच फरक वाटत नाही आणि चौथ्या-पाचव्या वेळेला अचानक ती पट्टी बदलते, खरखरीत घोंगडी होती ती साटीनच्या परकरासारखी मऊ, गार, चमकदार होते, हातावर घेतली की घरंगळते. ते एकदा हाताला कळलं की पुढे विचारायची गरज नाही. बरेच लोक हे घड्या घालणं टाळतात आणि सरळ पातळ करायला जातात, मग ५ नंबरला पट्टी फाटली की मशीनला शिव्या.

घड्या झाल्या की आता घडी बंद. १, २, ३, एकेक नंबर पुढे, प्रत्येकावर एकदाच. नंबर गाळायचा नाही. हँडल एका लयीत, मध्ये थांबलं की तिथे आडवी रेघ पडते. उजव्या हाताने फिरवा आणि डाव्या हाताच्या तळव्यावर, बोटांवर नाही, खालून येणारी पट्टी झेला. पट्टी लांबत जाते, ३-४ नंबरला ती हातभर होते, तेव्हा मधून कापून दोन करा, हावरटपणा करू नका. पहिल्या दिवशी मी अख्खी ठेवली, ती टेबलावरून खाली लोंबली, पंख्याच्या वाऱ्याने स्वतःलाच चिकटली, आणि हँडल निघून पायावर पडलं ते अजून वेगळं. हँडल सगळ्यांचंच पडतं, ते नुसतं अडकवलेलं असतं, त्याच्या टोकाला कागदाची छोटी पट्टी गुंडाळून बसवा म्हणजे घट्ट राहतं.

वरून लावायला तांदळाची पिठी घ्या. मैदा लावला तर तो कणकेत मुरतो आणि उकळताना पाण्याची खळ होते, तांदळाची पिठी वर राहते आणि झटकली की पडते. पण थोडीच, दोन नंबरांत एकदा हात फिरवला की पुरे.

कुठे थांबायचं? रुंद फितींना ५, फार तर ६. बारीक कटरला ६. लझानियाला ६. रॅव्हिओलीला ७, कारण तिथे दोन थर एकावर एक येतात. ८ आणि ९ नंबर माझ्या मते देखाव्याला आहेत, बिनअंड्याची पट्टी ९ ला नेली की अंगठा आरपार जातो.

फितींच्या रुंदीवरून आठवलं, इटलीतल्या बोलोन्या शहरात १९७२ साली टॅग्लियाटेले या फितीची अधिकृत रुंदी ठरवून ती तिथल्या व्यापारी मंडळाकडे नोंदवली, शिजल्यावर ८ मिलीमीटर, आणि नमुना म्हणून चक्क सोन्याची फीत करून ठेवलीय. जळगावच्या सराफ बाजारात राहून मला हे इतक्या उशिरा कळावं!

कापणं, आणि आपला उन्हाळा

लाटलेली पट्टी लगेच कटरमध्ये घातली तर फिती वेगळ्या होत नाहीत, नुसत्या रेघा पडतात. ती थोडी सुकायला हवी. पुस्तिकेत लिहिलेलं असतं दहा ते पंधरा मिनिटं. ते त्यांच्या हवेसाठी. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला गेलेला असतो, हवेत ओलावा नावाला नाही, तेव्हा दोन-तीन मिनिटांत वरचा थर पापडासारखा होतो आणि पाच मिनिटांत कटरमध्ये पट्टीचे तुकडे पडतात. उलट जुलै-ऑगस्टमध्ये अर्धा तास ठेवली तरी ओली. म्हणून घड्याळ नाही, हात. पट्टी उचलली की ती हाताला चिकटू नये, पण घडी घातली तर तडकू नये, चामड्यासारखी लागली की कापा.

उन्हाळ्यात पंखा बंद करा, कूलरचा झोत दुसरीकडे वळवा, आणि एकेकच लाटी पूर्ण करा, सगळ्या पट्ट्या लाटून मग सगळ्या कापते असं करू नका. पावसाळ्यात उलट, चमचाभर पाणी कमी घ्या आणि पट्ट्या पंख्याखाली टाका. कापताना हँडल रोलरच्या भोकातून काढून कटरच्या भोकात. पट्टी वीतभर ते दीड वीत, त्याहून लांब नको. खालून पडणाऱ्या फिती एका काठीवर झेलायच्या, पूर्वी शेवया झेलायचे तशाच, मी जुनी पडद्याची काठी दोन खुर्च्यांवर ठेवते. नाहीतर रवा भुरभुरून हलक्या हाताने घरटी करून ताटात ठेवा.

वाळवून ठेवायचा असेल तर शेवयांसारखा गच्चीवर कडक उन्हात अजिबात नको. शेवई केसासारखी बारीक, ती आतबाहेर एकदम वाळते. ही फीत जाड, उन्हात बाहेरून आधी आकसते, आत ओली राहते, आणि दुसऱ्या दिवशी हात लावला की तुकडे. मी पहिला घाणा असाच गच्चीवर धोतरावर पसरवला होता, अभिमानाने, संध्याकाळी त्याचा चुरा गोळा करून दुधात शिजवून खिरीसारखा खाल्ला. घरातच सावलीत, खोलीचं दार बंद करून, एक दिवस-रात्र. आणि हे फक्त बिनअंड्याच्या पास्त्याचं. अंड्याचा घरी वाळवून डब्यात ठेवू नका, उन्हाळ्यात तर नाहीच, तो एक दिवस फ्रीजमध्ये नाहीतर फ्रीझरमध्ये. फ्रीझरमधला काढून तसाच उकळत्या पाण्यात, सोडवत बसायचं नाही.

शिजवणं

यात फार काही नाही. मोठं पातेलं, १०० ग्रॅमला १ लिटर पाणी, लिटरला दोन छोटे चमचे मीठ, म्हणजे ८-१० ग्रॅम. खळखळ उकळी आल्यावरच टाकायचा. ताजा पास्ता दोन-तीन मिनिटांत होतो, पाकिटावर दहा मिनिटं वाचायची सवय आहे ती विसरा, दुसऱ्या मिनिटाला एक फीत काढून चावून बघा. पाण्यात तेल टाकू नका, काही उपयोग नाही, ते वरच तरंगतं. आणि शेवया आपण कधी कधी गार पाण्यातून काढतो तसा हा काढू नका, वरचं पिठूळ पाणी असू द्या, त्यानेच मसाला धरतो. वाटीभर पाणी बाजूला ठेवा.

सॉस तुम्हाला पाहिजे तो करा, मी एकच सांगते. भरताची वांगी, आपली हिरवी मोठी, काड्यांवर भाजता आली तर उत्तम नाहीतर गॅसवर. ठेचलेली हिरवी मिरची, भरपूर लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात तेलावर परतून त्यात वांगं घोटून घ्या, वर ते वाटीभर पाणी आणि मग रुंद फिती, मोठ्या आचेवर एक मिनिट हलवायचं. सिसिलीतल्या कातानिया शहरात वांग्याचा पास्ता प्रसिद्ध आहे, तो तळलेल्या वांग्याचा आणि टोमॅटोचा, त्यामुळे हे काही फार जगावेगळं नाही. चीज नको यावर. सासूबाईंनी पहिल्यांदा नाक मुरडून घेतलं, "हे वरणफळासारखंच आहे की, फक्त वरण नाही," म्हणाल्या, आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

साफसफाई

पाणी लावायचं नाही. परत लिहिते, पाणी लावायचं नाही. ना नळाखाली, ना ओल्या फडक्याने, भांड्यांच्या ढिगात तर मुळीच नाही. माझ्या पहिल्या मशीनचा शेवट मीच केला, पहिल्याच रात्री साबण लावून स्वच्छ धुतलं, उपडं करून ठेवलं, आठ दिवसांनी बघते तर कटरच्या दातांत तांबूस गंज आणि आत पीठाची खळ वाळून सिमेंट झालेलं. ते केळ्यासारखी पट्टी काढणारं मशीन होतं म्हणून फार वाईट नाही वाटलं, पण पैसे गेलेच.

काम झालं की तासभर तसंच ठेवा, चिकटलेली कणिक सुकते. मग उपडं करून वर्तमानपत्रावर हलके ठोका, बरंच झडतं. उरलेलं रंगाच्या एक इंची कोऱ्या ब्रशने, आणि कटरच्या फटीतलं दात कोरायच्या काडीने, सुरी घालू नका, दाताला खरचटलं की तिथून पुढे प्रत्येक फीत फाटते. जास्तच घाण वाटली तर टाकाऊ कणकेची लाटी फिरवा, ती सगळं उचलून आणते. चार-सहा महिन्यांत हँडल कुरकुरायला लागलं तर रोलरच्या दोन्ही टोकांना एकेक थेंब खाण्याच्या दर्जाचं मिनरल ऑइल, शेंगदाण्याचं तेल नाही, ते काही दिवसांत डिंकासारखं होतं. पावसाळ्यात मशीन कोरड्या सुती कापडात गुंडाळून खोक्यात, ओट्यावर शोभेला ठेवू नका.

आणि दिवाळीत ते खोक्यात ठेवू नका. मोहन घातलेल्या घट्ट मैद्याच्या कणकेची पट्टी १ नंबरवर काढून कातण्याने कापली की शंकरपाळे सगळे एका मापाचे, करंजीची पाती ५ वर, वाटीने गोल कापून घ्यायची. तुपाचा हात रोलरला लागतो, त्यावर शेवटी कोरड्या मैद्याची लाटी दोनदा फिरवून घ्या. गेल्या दिवाळीत हँडल आजीकडेच होतं, दोन किलोच्या करंज्यांच्या पात्या तिने एकटीने काढल्या, मला हात लावू दिला नाही.